कारबेटरवर आणलेली गाडी

स्मरणिकेच्या समितीने प्रत्येक बॅचकडून आपल्या भागाच्या इतिहासावर एक लेख मागितला आणि आमच्या बॅचने तो माझ्या गळ्यात घातला. चांद्याचे गोंड राजे, मार्कंड्याची मंदिरं, अहेरीची जमीनदारी हे सगळं आपल्या सरांनी आणि बाईंनी वर्गात इतकं नीट शिकवलं आहे, की त्यावर मी लिहिणं म्हणजे सूर्यापुढे काजवा. मला येतं ते गॅरेजचं काम. दहावीनंतर चंद्रपूरच्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आणि तेव्हापासून हात काळेच आहेत. म्हणून मी आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांचा इतिहास लिहितो. सगळ्या गाडीचाही नाही, फक्त इंजिनला पेट्रोल पाजणाऱ्या एका भागाचा. पुस्तकात त्याला कार्बोरेटर म्हणतात, गॅरेजात कारबेटर.

जगभर कारबेटर गेला आणि इंजेक्शन आलं. आपल्याकडे मात्र काही गाड्यांचं इंजेक्शन काढून तिथे कारबेटर बसवला गेला. अशी एक गाडी माझ्या डोळ्यांसमोर बदलली आणि ती मुलचेऱ्याचीच होती. काही वर्षांनी पुण्याला एका ट्रेनिंगमध्ये मी हे सांगितलं तर वर्ग हसला. जंगलातला जुगाड, असं कोणीतरी म्हणालं. तेव्हा मी गप्प बसलो, कारण उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं. आज पानं मिळाली आहेत, तर देतो.

आधी रस्ता. मुलचेऱ्याहून बाहेर पडायचं तर एकीकडे घोट, दुसरीकडे लगामवरून आष्टी किंवा आलापल्ली. आष्टीला वैनगंगा ओलांडली की गोंडपिपरी आणि मग चंद्रपूर. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी गाडी दुरुस्त करायला आपला माणूस चंद्रपूरलाच जात राहिला, कारण मिस्त्री तिकडे होते. कचेरी कुठे न्यायची ते सरकार ठरवतं, गॅरेज कुठे चालेल ते गिऱ्हाईक ठरवतं.

या जंगलात इंजिन उशिरा आलं. आलापल्लीचं सागवान बैलगाड्यांनी आणि हत्तींनी ओढलं जायचं. कमलापूरचे हत्ती आज लोक फोटो काढायला बघतात, पण त्यांचं मूळ काम लाकूड ओढण्याचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्याच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. जुने लोक त्यांना डिस्पोजलच्या जीपा म्हणत. पुढे मुंबईत महिंद्राने त्याच विलीज जीप जोडायला आणि मग बनवायला घेतल्या. वनखातं, ठेकेदार, मिशनचे दवाखाने, ज्याला डांबर नसलेल्या वाटेने जायचं त्याच्यासाठी जीप हीच गाडी. लढाईतल्या विलीजच्या इंजिनाची ताकद साठ हॉर्सपॉवर, आणि त्यावर कार्टर नावाचा कारबेटर. आपल्याकडच्या जीपांवर आणि फियाट-ॲम्बेसेडरवर पुढे सोलेक्स आला. आमच्या उस्तादांना सोलेक्सचे जेट डोळे मिटून ओळखता यायचे.

कारबेटर काय करतो, हे आपल्या सगळ्यांना एकदा शिकवलेलं आहे. नववीत विज्ञानाच्या सरांनी घरून फ्लिटचा पंप आणला होता, डास मारायचा, पत्र्याचा. त्यात औषधाऐवजी पाणी भरून मागच्या बाकावर फवारलं. सर म्हणाले, हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, म्हणून डबीतलं पाणी नळीतून आपोआप वर चढतं आणि तिचा धूर होतो. कारबेटर म्हणजे हाच फ्लिटचा पंप. इंजिन हवा ओढतं, ती हवा एका अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब पडतो आणि बाजूच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून उडून हवेत मिसळतं. ते भोक म्हणजे जेट. वाटीतली पातळी सांभाळायला एक तरंगणारा फ्लोट आणि त्यावर एक सुई. संडासच्या टाकीत असतो तसाच प्रकार. वीज लागत नाही. कार्ल बेंझने १८८६ मध्ये मोटारीचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या गाडीत पेट्रोलच्या वाफेवरचा साधा प्रकार होता. असा फवाऱ्याचा कारबेटर १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाखने केला. पुढची शंभर वर्षं त्यात सुधारणा झाल्या, पण तत्त्व सरांच्या पंपाचंच राहिलं.

त्याचा दोषही त्याच तत्त्वात आहे. फ्लिटच्या पंपाला खोलीत डास किती ते कळत नाही. कारबेटरलाही बाहेर थंडी आहे की ऊन, इंजिन गरम झालं की नाही, हे कळत नाही. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. कारबेटर कधी त्याहून जास्त पेट्रोल देतो, कधी कमी. जास्त दिलं की धूर, कमी दिलं की झटके. म्हणून सकाळी चोक ओढायचा आणि चार मिनिटांनी आत ढकलायचा. कितीतरी जण तो ढकलायला विसरायचे आणि मग प्लग काळा झाला म्हणून गॅरेजात यायचे. आमची अर्धी कमाई विसरभोळ्या माणसांवर होती.

इंधनाची सोय बदलून गाडी चालवणं हे आपल्या देशाला नवं नव्हतं. महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा मोटारींना मागे कोळशाच्या भट्ट्या जोडल्या आणि लाकडी कोळशाच्या गॅसवर त्या चालवल्या. ताकद निम्मी व्हायची, चढावर उतारूंना खाली उतरून ढकलावं लागायचं, पण गाडी गावाला पोचायची. पेट्रोल पुन्हा मिळायला लागलं तशा भट्ट्या उतरल्या. त्या लोकांना कोणी मागासलेलं म्हणालं नाही. जे मिळतं त्यावर गाडी चालवायची, एवढंच ते करत होते.

आता एक गोष्ट, जी पुण्याच्या त्या वर्गाला माहीत नव्हती. इंजेक्शन आपल्या जंगलात नवं नव्हतंच. डिझेलच्या प्रत्येक इंजिनाला इंजेक्शन असतंच, त्याशिवाय ते चालत नाही. जर्मनीत बॉशने १९२७ मध्ये डिझेलचे इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतले, १९५१ मध्ये बंगळूरला मायको निघाली, १९५४ पासून टाटांनी जमशेदपूरला मर्सिडीजच्या सहकार्याने ट्रक काढले. लाकडाचे आणि बांबूचे ट्रक आपल्या रस्त्याने रात्रंदिवस जायचे ते सगळे इंजेक्शनवरच. पुढे जीपही डिझेलची झाली. महिंद्राने १९७९ मध्ये प्युजोशी करार करून त्यांचं डिझेल इंजिन घेतलं आणि इगतपुरीकडच्या कारखान्यात ते बनू लागलं. आपल्या लहानपणी आलापल्ली-आष्टी मार्गावर धावणाऱ्या, पंधरा-वीस माणसं कोंबलेल्या, टपावर कोंबड्या आणि सायकली बांधलेल्या जीपा आठवा. त्या डिझेलच्या होत्या, इंजेक्शनच्या होत्या आणि त्या बिघडल्या तर चंद्रपूरला पंप-नोझलचं दुकान होतं. तिथला माणूस पंप उघडायचा, काचेच्या नळ्यांत डिझेल सोडून चारही नोझलांचं माप सारखं करायचा आणि परत द्यायचा. सगळं लोखंड आणि पितळ. डोळ्याला दिसणारं.

म्हणजे आपल्या माणसाला इंजेक्शनची भीती नव्हती. अडचण दुसऱ्याच गोष्टीची होती.

पेट्रोलच्या गाडीत इंजेक्शन आणायचा खटाटोप जुना आहे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये ते होतं, पण यंत्राचं, डिझेलच्या पंपासारखं, आणि गाडी श्रीमंतांची. विजेवर चालणारं, मेंदू असलेलं इंजेक्शन अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने केलं. नाव इलेक्ट्रोजेक्टर. १९५८ च्या क्रायस्लर ३००-डी आणि तिच्या बहिणी असलेल्या काही मोजक्या गाड्यांत ते ग्राहकांना दिलं गेलं. कल्पना बरोबर होती, पण तेव्हाचे विजेचे सुटे भाग उष्णतेला आणि ओलीला टिकत नव्हते. गाड्या चालू होईनात, चालू झाल्या तर रस्त्यात बंद पडू लागल्या. मग काय केलं? त्यांतल्या बहुतेक गाड्यांचं इंजेक्शन काढून कारबेटर बसवून दिले! डेट्रॉईटमध्ये, १९५८ साली. मला हे पहिल्यांदा वाचायला मिळालं तेव्हा मी पान उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्यांना कोणी जुगाडू म्हटलं का?"

बेंडिक्सचे हक्क पुढे बॉशकडे गेले. बॉशने ट्रान्झिस्टर वापरून तीच गोष्ट सुधारली आणि १९६७ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन १६०० वर लावली. या वेळी टिकली. तिच्यामागे एक जोरही होता. कॅलिफोर्नियात धुराचे कायदे कडक होत होते आणि कारबेटरला तितकं मोजून पेट्रोल देता येत नव्हतं. इंजेक्शनच्या प्रसाराचं खरं कारण इंजिनाची ताकद नाही, शहरातली हवा. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडेही तसंच झालं.

१९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसंविरहित पेट्रोल आलं. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या हवेसाठी युरो-एक आणि मग युरो-दोनची तारीख ठरवून दिली. १ एप्रिल २००० पासून देशभरातल्या नव्या गाड्यांना पहिल्या टप्प्याचे नियम लागले. त्या सुमारास मारुती ८०० ला आणि जिप्सीला एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंजेक्शन मिळालं. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली तेव्हा कारबेटरवर होती. ताडोब्याला जिप्सीत बसून वाघ बघितलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांच्या पायाखाली या दोन्ही तऱ्हांची इंजिनं होती, त्यांना ते कळलं नाही इतकंच. दिल्लीच्या धुरासाठी झालेला नियम मुलचेऱ्यापर्यंत पोचला, पण त्या नियमाच्या गाडीला लागणारं बाकीचं काहीच सोबत आलं नाही. ना तपासणीचं यंत्र, ना शिकलेला मिस्त्री, ना स्वच्छ पेट्रोल.

आता ती गाडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, आणि मालकाचंही लिहीत नाही, कारण त्यांना आवडणार नाही. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना सरकारने आपल्या भागात जमिनी देऊन वसवलं, त्यांतल्या एका घरातले हे दादा. धान आणि मासळी असा त्यांचा व्यवहार. नागपूरहून त्यांनी एक जुनी पेट्रोल फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घेतली. गाडी इंजेक्शनची होती. दोन उन्हाळे उत्तम चालली. त्यांच्या टोल्यात दुसरी चारचाकी नव्हती, म्हणून पावसाळ्यात कोणाला ताप चढला, बाळंतपण अडलं, साप चावला की हीच गाडी निघायची. भाडं ते घेत नसत. फार तर पेट्रोल टाकायला सांगायचे, आणि तेही मिळायचं बाटलीतलं. त्यात रॉकेल किती आणि पाणी किती, हे बाटलीवाल्यालाच ठाऊक.

२००६ च्या पावसाळ्यात ती नाल्यात अर्धा तास उभी राहिली. बाहेर काढली, वाळवली, चालू झाली. आठ दिवसांनी गरम झाली की बंद पडू लागली. थंड झाली की पुन्हा चालू. मग एका रात्री पेशंट गाडीत असताना लगामच्या अलीकडे बंद पडली ती चालू झालीच नाही. पेशंट शेवटी बांबूच्या ट्रकमधून आष्टीला नेला. तो वाचला, पण दादा त्या रात्रीनंतर गाडीकडे बघायला तयार नव्हते. दुसऱ्या ट्रकमागे दोर बांधून गाडी आमच्या गॅरेजात चंद्रपूरला आणली.

उस्तादांनी आधी तीन दिवस तिला मूळ रूपातच दुरुस्त करायचा प्रयत्न केला, हे लक्षात ठेवा. टाकी उतरवली तर तळाशी गाळ आणि त्यात आतला पंप अर्धा जळालेला. सीटखालचं वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. कॉम्प्युटरचा सॉकेट उघडला तर पितळी पिना हिरव्या पडलेल्या. पंप बदलता येत होता, वायरी जोडता येत होत्या. कॉम्प्युटरचं काय करायचं? स्कॅनर आमच्याकडे नव्हता. तो असलेल्या ठिकाणी नागपूरला विचारलं, तर नव्या कॉम्प्युटरची किंमत गाडीच्या निम्म्या किमतीला भिडत होती आणि शिवाय तो मागवावा लागणार होता. जुन्या बाजारातला आणून लावला तर दोन दिवस चालला.

"काऊन रे पोरा, इंजेक्शन वाईट आहे का?" उस्तादांनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही. "नाहीच. पण रात्री बारा वाजता लगामच्या जंगलात याला बोलतं कोण करणार?"

दादांनी एकच प्रश्न विचारला. कारबेटरवर केली तर रस्त्यात बंद पडणार नाही का? उस्ताद म्हणाले, "पडेल. पण तुम्हाला उघडता येईल."

काम सहा दिवस चाललं. लोकांना वाटतं, एक डबा काढला आणि दुसरा बसवला. तसं नसतं, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

पहिलं म्हणजे मॅनिफोल्ड. त्याच घराण्याच्या इंजिनाचं जुनं मॉडेल कारबेटरचं होतं, म्हणून भंगारातून त्याचं मॅनिफोल्ड आणि कारबेटर मिळाला. ज्या इंजिनाला असा जुना भाऊ नाही, त्याच्या वाटेला उस्ताद जात नसत. दुसरं, पंपाचा दाब. इंजेक्शनचा पंप पेट्रोल अडीच-तीन किलोच्या दाबाने फेकतो. कारबेटरला पाव किलो पुरतो. तोच पंप ठेवला तर फ्लोटची सुई तो दाब धरू शकत नाही, वाटी भरून वाहते आणि गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडतं. असं करून आग लागलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. जुन्या इंजिनाला कॅमवरून चालणारा एसी पंप असायचा, पण या इंजिनाला त्याची जागा बुजवलेली होती. म्हणून चेसिसवर कमी दाबाचा छोटा विजेचा पंप बसवला, त्याच्या आधी काचेचा फिल्टर. कचरा आला की बाहेरूनच दिसावा.

तिसरी गोष्ट पुष्कळ मिस्त्री विसरायचे आणि मग गाडीला शिव्या द्यायचे. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर फक्त पेट्रोल देत नाही, ठिणगी कधी पडायची तेही तोच ठरवतो. कॉम्प्युटर काढला की इग्निशन पोरकं होतं. म्हणून जुन्या मॉडेलचा डेल्को बसवला, आतल्या वजनांनी आणि व्हॅक्यूमच्या नळीने आपलं टायमिंग स्वतः पुढेमागे करणारा. चौथं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो मोजून दिलेल्या मिश्रणावर चालतो; कारबेटरचं जाड मिश्रण त्यात गेलं तर आत लाल होऊन वितळतो. तो काढला. शेवटी ट्यूनिंग. उस्ताद चंद्रपूरहून बल्लारपूरपर्यंत गाडी न्यायचे, चावी बंद करून कडेला घ्यायचे, प्लग काढून रंग बघायचे. काळा म्हणजे जेट मोठा, पांढरा म्हणजे लहान. चार फेऱ्यांनंतर प्लग विटेच्या रंगाचा आला तेव्हा त्यांनी चहा मागवला.

दादांना गाडी देताना उस्तादांनी एक पत्र्याचा डबा दिला. त्यात एक स्क्रूड्रायव्हर, जास्तीची सुई, गॅस्केट, पॉइंटचा सेट, कॉइल आणि सायकलचा हवेचा पंप. मग माझ्यासमोर त्यांना कारबेटर तीनदा उघडायला आणि तीनदा लावायला लावला. तिसऱ्या वेळी दादा मला म्हणाले, हे तर शाळेतल्या फ्लिटच्या पंपासारखं आहे. त्यांचा धाकटा भाऊ आपल्याच शाळेत दोन वर्षं पुढे होता. सरांनी तो प्रयोग दरवर्षी केला असणार.

गाडी पुढे कशी चालली? खरं सांगायचं तर आधीपेक्षा वाईट. ॲव्हरेज पडलं. थंडीत दोनदा चोक ओढावा लागे. चौथ्या गिअरमध्ये चढावर दम कमी पडे. धूर निश्चित वाढला, डोळ्यांना झोंबायचा. या बाबतीत कोणी मला टोकलं तर मी वाद घालणार नाही. पण ती नऊ वर्षं मुलचेऱ्यात राहिली आणि दोर बांधून चंद्रपूरला पुन्हा कधी आली नाही. बॅटरी उतरली तर चार पोरं धक्का मारायची. कचरा आला तर दादा बोनेट उघडून वाटी साफ करायचे, जेटमध्ये तोंडाने फुंकर मारायचे आणि निघायचे. किती पेशंट नेले याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. टोल्यातल्या बाया ठेवून आहेत. अमक्याच्या नातवाचा जन्म गाडीतच झाला, असं सांगतात.

आमच्या गॅरेजात अशा गाड्या तीन-चारच झाल्या. बाकी ठिकाणीही होत असत. बुलेटवाल्यांत तर याची लाटच आली होती. २००९ मध्ये क्लासिक ५०० इंजेक्शनवर आली आणि तिचं इंजेक्शन काढून कारबेटर लावून द्या म्हणणारे हौशी लोक पुढची कितीतरी वर्षं येत राहिले. त्यांतले निम्मे लडाखला जायचं म्हणून यायचे आणि नागभीडच्या पुढे गेलेले नसायचे. दादांची गरज आणि यांची हौस एका तराजूत घालू नये.

आज कोणी माझ्याकडे हे काम घेऊन आलं तर मी करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. पण कायदा नसता तरी केलं नसतं, कारण परिस्थिती पालटली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा लागू झालं आणि नव्या मोटारसायकलीसुद्धा जवळपास सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. सुरजागडचं लोखंड वाहणारे ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्याने जातात, त्यांच्या डिझेल इंजिनालाही कॉम्प्युटर आहे. म्हणून रस्त्याच्या कडेच्या पोरांनी ते शिकून घेतलं. परवा आष्टीजवळ एका टपरीत पाहिलं, विशीतला पोरगा स्टिअरिंगखाली बोटाएवढा डोंगल खुपसून मोबाईलवर बिघाडाचा नंबर वाचत होता. ज्या वस्तूला २००६ मध्ये बोलतं करायला नागपूर लागायचं, ती आता फोनशी बोलते.

आणि गंमत म्हणजे त्याच पोराला मी कारबेटर दाखवला तर त्याने तो उलटा धरला. त्याच्या बिचाऱ्याचा दोष नाही. त्याच्या हातात कधी आलाच नाही. चांगले जेट मिळत नाहीत, नकली मिळतात, त्यांची भोकं एका मापाची नसतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्याने जुन्या कारबेटरचे रबर फुगतात. उस्ताद २०१७ मध्ये गेले. त्यांच्याइतका प्लगचा रंग ओळखणारा चंद्रपुरात मला दुसरा ठाऊक नाही. उघडता न येणारा डबा आता कारबेटर झाला आहे.

हे सगळं आत्ता लिहायला एक कारण आहे. दादांची ती गाडी अजून आहे. नोंदणीची मुदत संपल्यापासून गोठ्याच्या बाजूला झाकून ठेवली आहे. दादा थकले. त्यांचा मुलगा नागपूरला इंजिनिअर आहे, त्याच्या मनात आलंय की तिला पुन्हा तिच्या मूळ रूपात, इंजेक्शनवर आणायची, नियमाप्रमाणे पास करून घ्यायची आणि गावात ठेवायची. तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला माळ्यावरून एक गोणी काढून दिली. उस्ताद गाडीतून काढलेली वस्तू कधी भंगारात टाकत नसत. मॅनिफोल्ड, चारही इंजेक्टर, रेल, थ्रॉटल बॉडी, सगळं तेल लावून कापडात बांधलेलं, वर चिठ्ठी, त्यावर गाडीचा नंबर. इंजेक्टर नागपूरला साफ करून आणले, चारही चालतात. वायरिंग मी नवं करतो आहे. डेल्को मूळचाच गोणीत मिळाला.

कॉम्प्युटर तेवढा नाही. हिरव्या पिनांचा तो जुना आता उपयोगाचा राहिला नाही आणि कंपनी त्या सालचा बनवत नाही. आपल्यातले बरेच जण नागपूर, हैदराबाद, पुण्याला आहेत, काहींच्या घरी त्या काळातल्या गाड्या पडून आहेत. कोणाकडे चालू स्थितीतला असेल तर मेळाव्याच्या दिवशी मला गाठा. मी जेवणाच्या मांडवाजवळ असेन, आणि मॉडेल व पिनांची संख्या लिहिलेला कागद माझ्या खिशात असेल.